साधेपणा कुणी निवडला?

जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी म्हटले की डोळ्यांपुढे एकच चित्र येते. फिकट रंगाची शिफॉनची साडी, डोक्यावरून सैल घेतलेला पदर आणि गळ्यात मोत्यांचा सर. ना भरजरी काठ, ना दागिन्यांची गर्दी. सेसिल बीटनसारख्या छायाचित्रकाराला या साधेपणाची भुरळ पडली. आजही बीडच्या बाजारात लग्नाच्या खरेदीत कुणी शिफॉन मागते, तेव्हा या साडीचे एक मूळ मराठी घरात आहे हे सहसा ठाऊक नसते.

ते घर बडोद्याचे. गायत्रीदेवींच्या आई इंदिराराजे या सयाजीराव गायकवाड आणि चिमणाबाई यांच्या कन्या. जन्म १८९२ चा. चिमणाबाई नऊवारी नेसणाऱ्या. इंदिराराजेंचा विवाह ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरला होता. १९११ च्या दिल्ली दरबारात त्यांची कूचबिहारच्या जितेंद्रनारायणांशी भेट झाली, आणि त्यांनी स्वतःच पत्र लिहून शिंद्यांना नकार कळवला. १९१३ साली लंडनमध्ये लग्न झाले, तेव्हा आईवडील हजर नव्हते.

डिसेंबर १९२२ मध्ये जितेंद्रनारायण लंडनमध्ये वारले. इंदिराराजे तिशीतल्या, पदरी पाच मुले. भारतात परतताना जहाजावर आई पांढऱ्या वस्त्रांत होती आणि फार रडत होती, ही आठवण गायत्रीदेवींनी १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. पण ही बाई कोपऱ्यात बसली नाही. मुलगा अज्ञान असल्याने संस्थानचा कारभार तिने हाती घेतला.

शिफॉनच्या साडीचे श्रेयही गायत्रीदेवी आईलाच देतात. हे कापड रेशमापेक्षा थंड आणि सुतीपेक्षा समारंभाला शोभणारे. अडचण पन्ह्याची होती. म्हणून इंदिराराजेंनी पॅरिसच्या एका कापड पेढीला साडीसाठी पंचेचाळीस इंची पन्ह्याचे कापड विणायला लावले. साधेपणा म्हणजे विरक्ती, असे मात्र त्यांच्या बाबतीत समजू नये. इटलीच्या फेरागामोकडून रत्ने जडवलेले जोडे करून घेणाऱ्या त्या हौशी बाई होत्या. कुठे थाट करायचा आणि कुठे हात आखडायचा, हे त्या स्वतः ठरवत.

मला या कथेत महत्त्वाचे वाटते ते हेच ‘स्वतः ठरवणे’. माझ्या लहानपणी, पन्नासच्या दशकात, आमच्या गल्लीत लाल आलवण नेसणाऱ्या एक आजी होत्या. बंगालकडे विधवेला पांढरे, आपल्याकडे ब्राह्मण घरांत लाल आलवण. रंग वेगळा, पण तो ठरवणारे दुसरेच. त्यांच्याही अंगावर दागिना नव्हता, काठ नव्हता. त्या साधेपणाला कुणी सौंदर्य म्हटले नाही, कारण तो त्यांनी मागितलेला नव्हता.

१९७० साली गायत्रीदेवींनाही वैधव्य आले. तरी फिकट शिफॉन आणि मोती २००९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत सुटले नाहीत. राजघराण्याच्या पैशाने आणि मानाने त्यांना ही मोकळीक दिली, हेही सांगायला हवे. सामान्य घरातल्या बाईला ती कुणी दिली?

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितले. आमच्या बीड जिल्ह्यात शेतकरी आत्महत्यांनी कित्येक तरुण बायका एकट्या पडल्या. शेत, मुले आणि कर्ज त्याच सांभाळतात. त्यांच्यातल्या एखादीने हिरव्या बांगड्या भरल्या तर गावाने बोट दाखवू नये, आणि दुसरीने पांढरी साडी पसंत केली तर कीव करू नये.

साडी कोणत्या रंगाची, हा प्रश्न नेसणारीचा आहे. इंदिराराजेंनी शंभर वर्षांपूर्वी तो आपल्या हाती घेतला. आपल्या शेजारणीला तो घेता येतो का, एवढे प्रत्येकाने आपल्या गल्लीत पाहावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)