उक्ते काम आणि उत्तरदायित्व : बोरघाटाच्या रेल्वेबांधणीतील एक प्रकरण

ज्या कामाच्या मजबुतीवर माणसांचे प्राण अवलंबून असतात, ते काम ठरीव रकमेत दुसऱ्याच्या हवाली केले असता त्याची जबाबदारीही हवाली होते काय, हा प्रश्न आजचा मानला जातो. वस्तुतः आपल्याकडील लोहमार्गांच्या इतिहासाइतकाच तो जुना आहे. प्रस्तुत टिपणात बोरघाटाच्या बांधणीच्या आधारे त्याचा विचार करावयाचा आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीला १८४९ च्या करारान्वये भांडवलावर शेकडा ५ व्याजाची हमी मिळाली होती. कंपनीचे मुख्य अभियंते जेम्स बर्कली आखणी व देखरेख करीत. प्रत्यक्ष बांधणी मात्र कंत्राटदारांकडे असे. मुंबई-ठाणे मार्ग (१८५३) फॅव्हिएल व फाउलर यांनी पुरा केला होता. पुढे बोरघाटाचे कामही फॅव्हिएल यांनीच घेतले. सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढावयाचे आणि २५ बोगदे खोदावयाचे, असे हे बिकट काम होते.

मुख्य कंत्राटदाराच्या हाताखाली पोटकंत्राटदार, त्यांच्या हाताखाली मुकादम आणि सर्वांत खाली मजूर, अशी ही उतरंड होती. प्रत्येक पायरीवर नफ्याचा अंश काढला जाई. उरेल त्यात काम उरकावयाचे. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल झाली व त्याच वर्षी फॅव्हिएल यांनी काम सोडले. त्यानंतर आलेले सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत मृत्यू पावले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी व्यवस्थापक नेमून काम तडीस नेले. एका वेळी ४० हजारांहून अधिक माणसे येथे खपत होती. हजारो मजूर रोगराईला बळी पडले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्गाचे उद्घाटन झाले.

अवघ्या चार वर्षांनी, जुलै १८६७ मध्ये, इंग्रजी अभिलेखांत ‘म्हाऊ-की-मली’ या नावाने नोंदलेला घाटातील दगडी पूल कोसळला. निकृष्ट दगडबांधकाम हे त्याचे कारण ठरले. दगडी कामाचा एक स्वभावच येथे ध्यानात घ्यावयास हवा. दर्शनी थर घडीव दगडांचा असतो व तो सर्वांना दिसतो. आतील भराव आणि चुन्याचा कस मात्र बांधकाम बंद झाल्यावर कोणासही दिसत नाही. ठरीव रकमेत काम करणाऱ्याला काटकसर करावयाची झाल्यास ती नेमकी या अदृश्य भागात करता येते. म्हणून जेथे वरचेवर देखरेख अवश्य, तेथेच कंत्राटपद्धतीचे मर्म दुर्बळ ठरते.

येथे आपल्या भाषेची साक्ष उद्बोधक आहे. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली, म्हणजे घाटाचे काम चालू असतानाच, निघाली. त्यात आढळणारा ‘मक्ता’ हा अरबी मूळाचा शब्द महसुलाच्या व्यवहारातला होय. मक्तेदाराने सरकारात ठरीव रक्कम भरावयाची. वर जे उरेल ते त्याचे. सरकार निर्धास्त, मक्तेदार फायद्यात आणि तोशीस रयतेला, असा तो प्रकार. ‘उक्ते काम’ या शब्दप्रयोगातही हीच कल्पना आहे : मोबदला एकंदर कामाचा, त्यातील दिवसांचा वा श्रमांचा हिशेब नाही. रेल्वेच्या कामात रयतेच्या जागी पुढे कधीतरी त्या पुलावरून जाणारा प्रवासी आला, एवढाच फरक. महसुलाची तोशीस रयतेला त्याच साली कळे. पुलाची मात्र वर्षानुवर्षे कळत नाही.

तथापि सर्व दोष कंत्राटदारांच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. कंपनीचे अभियंते होते, त्यांच्यावर सरकारी सल्लागार अभियंतेही होते. शिवाय व्याजाची हमी असल्याने कंपनीच्या भागधारकांना तोट्याची धास्ती नव्हती. पुनर्बांधणीचा खर्च वाढला, तरी अखेरचा भार हिंदी तिजोरीवरच पडावयाचा. १८६९ मध्ये सरकारने नवे मार्ग स्वतःच्या यंत्रणेमार्फत बांधण्याचे धोरण स्वीकारले. त्यामागे हमीचा वाढता खर्च हे प्रमुख कारण होते.

तेव्हा या प्रकरणाचा निष्कर्ष ‘कंत्राट वाईट’ एवढा ढोबळ काढता येत नाही. मुंबई-ठाणे मार्गही कंत्राटानेच झाला होता. काम दुसऱ्याकडे सोपविता येते. परंतु ते पारखण्याचे ज्ञान आणि ते नाकारण्याचा अधिकार सोपविणाऱ्याने स्वतःपाशी राखला पाहिजे, व नाकारण्याचा खर्च सोसण्याची तयारीही ठेवली पाहिजे. ही तयारी नसेल तेथे वाचलेला पैसा हा बचत नसून पुढल्या पिढीच्या नावे काढलेले कर्ज होय.