काचबिंदू, कोरॉइड आणि दीडशे वर्षं चाललेली केस

आमच्या कॅम्प ४ मध्ये साठीनंतर डोळ्याचं काहीही झालं की निदान ठरलेलं, "मोतीबिंदू असेल, पिकू दे." लालचक्की ते व्हीनस चौक, शेजारी मराठी असो की सिंधी, सल्ला तोच. मोतीबिंदूच्या बाबतीत हा सल्ला नुसता जुनाट आहे. काचबिंदूच्या बाबतीत मात्र घातक, कारण त्यात डोळ्याची नस वाळते आणि गेलेली नजर परत येत नाही. नावं सारखी, म्हणून सगळा घोळ. असो.

आत्याला काचबिंदू आहे. तिच्या फाईलमधल्या ओसीटी स्कॅनवर "कोरॉइड" असं लिहून पुढे मायक्रॉनमध्ये एक आकडा होता. आकडा दिसला की तो नॉर्मल आहे का हे शोधल्याशिवाय आम्हा आयटीवाल्यांना चैन पडत नाही :) त्यात अख्खा वीकएंड गेला, पण मजा आली.

कोरॉइड म्हणजे डोळ्याच्या पडद्यामागचा रक्तवाहिन्यांचा थर. जाडी जेमतेम पाव मिलिमीटर, पण डोळ्यात येणाऱ्या रक्ताचा मोठा हिस्सा इथूनच फिरतो.

१८५१ मध्ये हेल्महोल्ट्झने ऑफ्थाल्मोस्कोप आणला आणि जिवंत माणसाच्या डोळ्यात आत बघता यायला लागलं. बर्लिनचा आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे त्यावर तुटून पडला. काचबिंदूच्या डोळ्यात नसेचं टोक त्याला फुगलेलं दिसलं. वर्षभरात कळलं की ते उलट खड्ड्यासारखं आत गेलेलं असतं. एका डोळ्याने बघताना खोली फसवते. दुसरा समज मात्र बराच काळ टिकला. काचबिंदू म्हणजे मुळात कोरॉइडची सूज, त्यातून पाणी झिरपतं आणि डोळ्यातला दाब वाढतो, असं त्या काळात बरेच डॉक्टर मानत. ग्रेफेही त्यातलाच.

आणि गंमत बघा, १८५७ मध्ये त्याने बुबुळाचा (रंगीत पडद्याचा) तुकडा कापायचं ऑपरेशन जाहीर केलं. तोवर असाध्य मानल्या गेलेल्या अचानक उसळणाऱ्या काचबिंदूत ते चाललं! वय वर्षं २९. (मी त्याच वयाच्या आसपास काय करतोय ते विचारू नका.) थिअरी चूक आणि फिक्स बरोबर, असं आपल्या कोडमध्येही होतंच की. पाणी बाहेर जायचा कोपरा बुबुळामुळे बंद होतो आणि कापल्यावर उघडतो, हे विसाव्या शतकात कळलं. आज लेझरने बुबुळाला बारीक भोक पाडतात, ते त्याचंच नवं व्हर्जन.

मग कोरॉइडवरचा आरोप मागे पडला, पण संशय गेला नाही. १९६० च्या दशकात सोहनसिंग हायरे यांनी दाखवलं की कोरॉइडला रक्त देणाऱ्या धमन्याच नसेच्या टोकालाही रक्त देतात. म्हणजे एकाच पाइपलाइनवर दोन घरं! अडचण अशी की जिवंत डोळ्यात कोरॉइड नीट मोजायचा कसा? १९९१ च्या ओसीटीला इतकं खोल स्पष्ट दिसेना. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड स्पेड आणि सहकाऱ्यांनी मशीन डोळ्याच्या इतकं जवळ नेलं की चित्र उलटं आलं आणि कोरॉइड स्पष्ट दिसला. शुद्ध जुगाड.

२००६ ते २००८ दरम्यान आपल्या नागपूरजवळच्या ८ खेड्यांत तिशीपुढच्या ४७११ लोकांचे डोळे तपासले गेले. सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे योस्ट योनास यांचा हा अभ्यास. स्पेडची युक्ती तेव्हा जेमतेम बाहेर पडत होती. पुढे योनास बीजिंगच्या २०११ च्या अभ्यासातही होते आणि तिथे ३२३३ लोकांचा कोरॉइड मोजला गेला. सरासरी सुमारे २५४ मायक्रॉन. वयाच्या दरवर्षी साधारण ४ मायक्रॉन कमी, मायनस नंबर वाढला की आणखी कमी. हे सगळं हिशोबात धरल्यावर कोरॉइडची जाडी आणि नेहमीचा, कोपरा उघडा असलेला काचबिंदू यांचा संबंध उरलाच नाही.

म्हणूनच आत्याच्या डॉक्टरांनी त्या आकड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी दाब बघितला, नस बघितली, फील्ड टेस्ट बघितली आणि विचारलं, "भावंडांची तपासणी झालीये का?" पप्पांची झाली नव्हती. सख्ख्या भावंडांना धोका कित्येक पटींनी जास्त असतो आणि सुरुवातीला ना दुखतं, ना काही जाणवतं. दक्षिण भारतातल्या सर्वेक्षणांत काचबिंदू सापडलेल्या १० पैकी ९ जणांना तो आहे हेच आधी ठाऊक नव्हतं.

केस मात्र बंद झालेली नाही. कोपरा बंद होणाऱ्या काचबिंदूत कोरॉइड उलट जाड आढळतो. अमेरिकेतले हॅरी क्विग्ली म्हणतात की तो फुगून भिंग पुढे ढकलत असावा. म्हणजे ग्रेफे अगदीच हवेत बोलत नव्हता! आणि नव्या ओसीटी अँजिओग्राफीत काही रुग्णांच्या नसेला लागून असलेल्या कोरॉइडमध्ये बारीक रक्तवाहिन्या गायब झालेल्या दिसतात. त्या आधी जातात आणि मग नस मरते, की नस मेल्यावर त्या जातात? हे ठरवायला त्याच डोळ्यांचे वर्षानुवर्षांचे स्कॅन लागतात, आणि ही मशीन्स दवाखान्यांत येऊन जेमतेम दहा-बारा वर्षं झालीयेत.