वाहन परवान्याची हरवलेली मधली पायरी

बीड–परळी आणि धारूर–माजलगाव हे दोन रस्ते तेलगावला एकमेकांना भेटतात. गावालगतच लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. गाळप हंगाम सुरू झाला की या चौकातून रात्रंदिवस उसाची वाहने जातात. त्यांत पुढे ट्रॅक्टर आणि मागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या, हे दृश्य नित्याचे. कित्येक टनांचा हा डोलारा हाकणारा तरुण अनेकदा नुकताच अठरा-एकोणीस वर्षांचा झालेला असतो. त्याच्या खिशातला परवाना मात्र ‘हलक्या वाहना’चा असतो आणि कायद्याच्या दृष्टीने त्यात काही गैर नाही. हे असे कसे घडले, याचे उत्तर परवान्याच्या इतिहासात आहे.

ब्रिटिश हिंदुस्थानात मोटार चालवण्यासाठी परवाना सक्तीचा करणारा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा. तेलगाव तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानाने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. पुढे आलेल्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने एक महत्त्वाचा भेद केला. स्वतःची गाडी चालवणारा वेगळा आणि पगारी नोकर म्हणून किंवा मालवाहू, प्रवासी वाहन चालवणारा वेगळा. पहिल्याला अठरा वर्षे पुरेशी होती. परिवहन वाहनासाठी मात्र वीस. चालक टप्प्याटप्प्याने घडतो, ही जाणीव कायद्यात इथेच डोकावते.

ती जाणीव सर्वांत स्पष्ट रूपात उतरली १९८८ च्या कायद्यात. तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. आधी शिकाऊ परवाना. त्याची मुदत सहा महिने, आणि तो हाती आल्यावर किमान तीस दिवस उलटल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. गाडीच्या पुढेमागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’, शेजारी परवानाधारक शिक्षक. इथपर्यंतचे सर्वांना ठाऊक असते. पुढची शिडी मात्र आज विस्मृतीत गेली आहे. मूळ तरतुदीनुसार मध्यम मालवाहू वाहनाचा शिकाऊ परवाना हवा असेल, तर हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असणे आवश्यक होते. जड वाहनासाठी हलक्या वाहनाची दोन वर्षे किंवा मध्यम वाहनाचे एक वर्ष. हलके, मध्यम, जड अशा तीन पायऱ्या होत्या.

ट्रकच्या दुनियेत हीच शिडी कायद्याविनाही होती. क्लीनर म्हणून लागलेला पोरगा आधी चाके ठोकून पाही, गाडी मागे घेताना हाक देई, मग उस्तादाच्या नजरेखाली मोकळ्या रस्त्यावर रिकामी गाडी चालवी. भरल्या गाडीचे चाक हाती यायला काही वर्षे जात.

१४ नोव्हेंबर १९९४ रोजी अमलात आलेल्या दुरुस्तीने ही रचना मोडली. मध्यम आणि जड, मालवाहू आणि प्रवासी असे चार वर्ग पुसून ‘परिवहन वाहन’ हा एकच वर्ग आला. त्यासाठी हलक्या वाहनाचा एक वर्षाचा परवाना पुरेसा ठरला. त्याच दुरुस्तीने ‘हलक्या वाहना’ची वजनमर्यादा ६,००० किलोवरून ७,५०० किलोवर नेली. म्हणजे मधली पायरी काढली आणि खालची रुंद केली. कारकुनी सोपी झाली, हे खरे.

जग त्या वेळी नेमके उलट दिशेने जात होते. न्यूझीलंडने १९८७ मध्येच शिकाऊ, निर्बंधित आणि पूर्ण अशी तीन टप्प्यांची पद्धत आणली होती. निर्बंधित टप्प्यात रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी चालवायची नाही, अनुभवी चालक शेजारी नसेल तर प्रवासी बसवायचे नाहीत. नवख्या चालकाला धोका एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यावा, हा त्यामागचा विचार. अमेरिकेत फ्लोरिडाने १९९६ मध्ये हा मार्ग धरला. भारतात पक्का परवाना हाती पडला की त्याच रात्री गाडीभर माणसे घेऊन घाट उतरायला कायद्याची हरकत नसते.

ट्रॅक्टरची गोष्ट आणखी निराळी. कायद्याच्या व्याख्येत ट्रॅक्टर हलक्या वाहनात मोडतो, कारण मोजले जाते त्याचे स्वतःचे रिकामे वजन. मागच्या ट्रॉल्या त्यात धरल्या जात नाहीत. ट्रॉली जोडल्याने ट्रॅक्टरचा परवाना निरुपयोगी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये नागशेट्टी प्रकरणात सांगितले. हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचे परिवहन वाहनही चालवता येते, हा २०१७ च्या मुकुंद देवांगन प्रकरणातला निकाल पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कायम केला. अशा चालकांमुळे अपघात वाढतात हे दाखवणारी आकडेवारी न्यायालयापुढे आलीच नाही, आणि असंख्य चालकांच्या पोटाचा प्रश्न होता. हे सारे वाद मुळात विम्याच्या भरपाईचे. चालक कसा घडावा, हा प्रश्न त्यांत ओघानेच आला.

मधल्या काळात राज्यकर्त्यांनी अनुभवाऐवजी शाळेकडे पाहिले. परिवहन परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. ती २०१९ मध्ये रद्द झाली. ती मागणी पुढे आली हरियाणातल्या मेवातच्या चालकांसाठी, पण बीडलाही ती तितकीच लागू होती. ज्यांचे आईबाप दर हंगामाला ऊस तोडायला परजिल्ह्यात जातात, त्या मुलांची शाळा सुटते ती बहुधा आठवीच्या आतच. त्यांच्यासाठी ट्रॅक्टरचे चाक हाच कोयत्यातून सुटण्याचा एक मार्ग असतो. ती अट त्यांना अडवत होती आणि शिकवत काहीच नव्हती.

शिकाऊ चालकाशेजारी शिक्षकाने वाहन थांबवता येईल अशा जागी बसावे, असे नियम सांगतो. ट्रॅक्टरला आसन एकच असते. शिकवणारा बाप किंवा काका बसतो तो मडगार्डवर, एका हाताने कठड्याला धरून.