नव्या वसाहतीचा खर्च कोणी सोसावा?

कोणतीही नवी वसाहत केवळ घरांनी उभी राहत नाही. घराच्या आधी रस्ता लागतो, पिण्याचे पाणी लागते, सांडपाणी वाहून नेणारी गटारे लागतात. आणि लोक राहावयास आले की थोड्याच अवकाशात मुलांसाठी शाळाही लागते. हा खर्च कोणी सोसावयाचा? गावातील जुन्या रहिवाशांनी, जमीन विकून नफा मिळविणाऱ्याने, की पुढे येऊन राहणाऱ्याने? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने या प्रश्नाला जवळजवळ शंभर वर्षांच्या अंतराने दोन निराळी उत्तरे दिली. त्यांचा इतिहास नगररचनेचा विचार करणाऱ्या कोणालाही उद्बोधक वाटेल.

पहिले उत्तर १८८७ सालचे आहे. त्या काळी तेथील मध्य खोऱ्यात गव्हाची अफाट शेते होती, परंतु पाटाचे पाणी नव्हते. धरण व कालवे बांधण्याचे सामर्थ्य एकट्यादुकट्या शेतकऱ्यापाशी नव्हते. मोडेस्टो येथील वकील व विधिमंडळाचे सभासद सी. सी. राईट यांनी त्या वर्षी एक कायदा संमत करून घेतला. एखाद्या टापूतील रहिवाशांनी मतदानाने ठरवावे, आपले स्वतंत्र सिंचनक्षेत्र स्थापावे, कर्जरोखे काढून कालवे खणावे आणि त्या टापूतील जमिनीवर कर बसवून कर्ज फेडावे, अशी ही योजना होती. टरलॉक व मोडेस्टो ही क्षेत्रे त्याच वर्षी स्थापन झाली, आणि १८९३ साली त्या दोघांनी मिळून ट्युओलम नदीवर ला ग्रेंज येथे धरण पुरे केले.

ज्यांच्याजवळ विस्तीर्ण जमिनी होत्या त्यांना हा कायदा रुचला नाही. शेजाऱ्यांच्या मताने आपल्या जमिनीवर कर का बसावा, असा त्यांचा सवाल होता. कर भरण्याचे नाकारणाऱ्या एका जमीनमालकिणीचे प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १८९६ साली न्यायालयाने निर्णय दिला की, सिंचन हे सार्वजनिक हिताचे कार्य असल्यामुळे असा कर न्याय्य आहे. त्यानंतर एका विशिष्ट कामासाठी एक विशिष्ट क्षेत्र आखून त्याचा खर्च त्याच क्षेत्राकडून वसूल करण्याची पद्धत तेथे रूढ झाली.

दुसरे उत्तर मिळाले ते निराळ्याच परिस्थितीतून. १९७० नंतरच्या दशकात तेथे घरांच्या किमती भराभर वाढल्या आणि किमतीबरोबर मालमत्ता करही वाढला. निवृत्त झालेल्या माणसाचे उत्पन्न होते तेवढेच राहिले, पण त्याच्याच घरावरील कर त्याला पेलेनासा झाला. हॉवर्ड जार्व्हिस व पॉल गॅन यांनी चळवळ उभारली आणि ६ जून १९७८ रोजी मतदारांनी मोठ्या बहुमताने तेरावा प्रस्ताव मंजूर केला. त्यान्वये मालमत्ता कर किमतीच्या एक टक्क्यावर रोखला गेला. जुन्या मालकाच्या घराची किंमत १९७५ सालच्या हिशेबाने धरावयाची व ती वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढवावयाची नाही, असे ठरले. घर विकले गेले म्हणजे मात्र नवी किंमत लागू व्हावयाची.

याचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, १९७५ साली एका घराची किंमत पन्नास हजार डॉलर होती. १९८२ साली त्याच मालकाचे ते घर कराच्या वहीत फार तर सुमारे सत्तावन्न हजारांचे ठरेल. शेजारचे तसेच घर कोणी त्या वर्षी सव्वा लाखाला विकत घेतले, तर त्याला दुपटीहून अधिक कर पडेल. जुन्यांना दिलासा मिळाला तो असा. परंतु नगरपालिका, परगणे व शाळामंडळे यांचे मालमत्ता कराचे उत्पन्न एकदम निम्म्याहून अधिक घटले. आणि त्या कराच्या जोरावर नवे कर्ज उभारण्याची वाट १९८६ पर्यंत बंदच राहिली.

या अडचणीतून १९८२ चा मेलो-रूस कायदा जन्मास आला. सिनेटर हेन्री मेलो व विधानसभेचे सभासद माइक रूस यांची नावे त्यास मिळाली. नव्या वसाहतीपुरते 'सामुदायिक सुविधा क्षेत्र' आखावयाचे, कर्जरोखे विकून रस्ते, जलवाहिन्या, शाळा बांधावयाच्या, आणि प्रत्येक भूखंडावर विशेष कर बसवून ते कर्ज फेडावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. कराला दोन तृतीयांश मतांची संमती हवी. मात्र क्षेत्रात नोंदलेले मतदार बारांहून कमी असतील, तर मत जमीनमालकांचे, एकरामागे एक. नव्या वसाहतीच्या जागी आरंभी माळरानच असते. तेव्हा बहुधा वसाहत वसविणारा व्यावसायिक हाच एकटा मतदार असतो. तो मत देतो, घरे विकतो व निघून जातो. कर मात्र पुढे दशकानुदशके घर घेणाऱ्याने भरावयाचा. थकल्यास घरावर जप्ती येऊ शकते.

१८८७ साली तेथे राहणाऱ्या माणसांनी मत देऊन जमिनीवर कर बसविला होता. १९८२ नंतर जमिनीच्या मापाने मत पडले आणि भार मात्र अद्याप न आलेल्या माणसांवर पडला, हा दोहोंतील भेद ध्यानी घेण्याजोगा आहे.

या पद्धतीला दुसरीही बाजू आहे. ती नसती, तर कित्येक वसाहतींत शाळा वेळेवर उघडल्याच नसत्या. घर विकताना या कराची लेखी सूचना देण्याचे बंधन कायद्यानेच घातले आहे, आणि सूचना मिळाल्यावर काही दिवसांत ग्राहकाला व्यवहार मोडताही येतो. फ्लोरिडा राज्याच्या १९८० च्या कायद्यात तर अशा क्षेत्राचे मंडळ आरंभी एकराच्या मताने निवडले, तरी सहा वर्षे लोटल्यावर व पुरेसे मतदार झाल्यावर ते क्रमाने रहिवाशांच्या हाती जाते.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात १९१५ च्या नगररचना कायद्याने तिसरा मार्ग दाखविला. जमिनीचे तुकडे एकत्र करून रस्त्यांसाठी जागा काढावयाची, मालकांना नव्याने आखलेले भूखंड द्यावयाचे व सुधारणेमुळे वाढलेल्या किमतीतील वाटा त्यांच्याकडून घ्यावयाचा. याच तत्त्वावर गुजरातेत १९७६ च्या कायद्याखाली नगररचना योजना आखल्या जातात. त्यात विलंब फार होतो, हे खरे. पण ज्याच्या जमिनीची किंमत वाढते तो तेथे हजर असतो आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतले जाते.

कर देणाऱ्याची संमती घ्यावी, हे लोकशाहीचे मूळ सूत्र आहे. जो अद्याप आलेला नाही, त्याची संमती घेता येत नाही. म्हणूनच त्याच्या नावे कर्ज काढणाऱ्यांनी त्याची मुदत मर्यादित ठेवावी, त्याचा हिशेब उघडा ठेवावा, आणि तो राहावयास आला की कारभार त्याच्या स्वाधीन करावा, एवढे तरी त्याचे देणे लागते.