वास, रक्त आणि दोन तास: ‘ड्रिंक अँड ड्राइव्ह’ कायद्याची मुंबईतली गोष्ट

31 डिसेंबर जवळ आला की आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर तेच प्रश्न सुरू होतात. नाकाबंदीत सापडलो तर लगेच अटक होते का? मशीनमध्ये फुंकायला नाही म्हटलं तर? नुसत्या वासावर केस उभी राहते का? मी इंजिनिअर, वकील नाही. पण एखादा नियम दिसला की तो असा का लिहिलाय, हे खणून काढायची मला खोड आहे. या नियमांचं मूळ शोधत गेलो, तर बरीचशी गोष्ट आपल्या मुंबईतच सापडली.

29 मे 1951. रात्री साडेनऊची वेळ. कुलाब्यात थर्ड पास्ता लेनपाशी एका जीपने तिघांना धडक दिली. जीप कोण चालवत होतं? चक्क मुंबई विभागाचे आरटीओ साहेब! तेव्हा मुंबई राज्यात दारूबंदी होती. त्यामुळे बेदरकार गाडी चालवल्याच्या आरोपासोबत दारूबंदी कायद्याचं कलमही लागलं. डॉक्टरांनी तपासलं, तर तोंडाला दारूचा वास आणि डोळे लाल. पण बोलणं सुसंगत होतं, आणि साहेब सरळ रेषेत चालूनही दाखवत होते. त्यांचं म्हणणं होतं, मी बी. जी. फॉस नावाचं टॉनिक घेतलंय. त्यात अल्कोहोल असायचं.

मॅजिस्ट्रेटने त्यांना सोडलं. हायकोर्टाने दारूच्या आरोपात एक महिना सक्तमजुरी आणि 500 रुपये दंड ठोठावला. मग 1954 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा रद्द केली. हाच तो पेसिकाका खटला. कोर्टाचा मुद्दा असा होता: औषधातल्या अल्कोहोलवरची बंदी आधीच रद्द झालीये. मग पोटात गेलं ते बंदी असलेलं मद्यच होतं, हे सरकारने सिद्ध करायला हवं. आरोपीने नाही.

थोडक्यात, नाक हा काही भरवशाचा सेन्सर नव्हता. म्हणून 1959 मध्ये मुंबईच्या दारूबंदी कायद्यात रक्ततपासणी आली आणि 0.05 टक्क्यांचा आकडा आला. त्याच्या वर गेलात तर खुलासा तुम्ही द्यायचा. 1971 मध्ये महाराष्ट्रातल्याच करियानी खटल्यात सुप्रीम कोर्टाने पुन्हा सांगितलं की तोंडाचा वास आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावर नशा सिद्ध होत नाही.

पण मग माझंच रक्त माझ्याविरुद्ध वापरणं घटनेत बसतं का? कलम 20(3) म्हणतं, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही. 1961 च्या काथी कालू ओघड खटल्यात, म्हणजे पुन्हा मुंबई राज्याच्याच केसमध्ये, 11 न्यायाधीशांनी ठरवलं की बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणं म्हणजे साक्ष देणं नव्हे. रक्ताचा नमुनाही पुढे याच तर्कात बसला.

आता ग्रुपवरची उत्तरं. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात सुरुवातीला रक्तात ‘कितीही कमी’ दारू सापडली तरी गुन्हा होता. 1994 मध्ये 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम ही मर्यादा आली. वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, पण गुन्हा जामीनपात्र आहे. फुंकायला विनाकारण नकार दिलात तर तो नकारच कोर्टात तुमच्याविरुद्ध मांडता येतो. पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि अटकेनंतर 2 तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर पोलिसांना सोडावं लागतं. कारण साधं आहे. शरीर दारू पचवत राहतं, त्यामुळे उशिरा घेतलेला नमुना गाडी चालवतानाचं खरं सांगत नाही.

ही घाई आरोपीच्या बाजूने जाते तशी रस्त्यावरच्या माणसाच्याही. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी चढली. 7 जण गेले. चालकाच्या रक्तात 0.112 टक्के अल्कोहोल निघालं. सेशन्स कोर्टाने 6 महिने दिले, हायकोर्टाने सदोष मनुष्यवध धरून 3 वर्षं केली आणि 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. गेलेले सात जण कोर्टात काही सांगू शकत नव्हते. रक्ताचा रिपोर्ट मात्र सांगू शकला.

म्हणून ‘मशीन टाळायचं कसं’ असं कुणी विचारलं, की मी त्याला या दोन्ही गोष्टी सांगतो. तुम्ही प्यायला नसाल, तर तोंडाच्या वासावरून तुम्हाला अडकवू न देणारा तोच आकडा आहे. प्यायला असाल, तर तुमच्या गाडीखाली आलेल्यासाठी बोलणाराही तोच. बाकी कॅब बुक करायला वकील लागत नाही. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!