हलवता येणारी रेल्वे

रेल्वेमार्ग हलवता येतो, हे भिगवणकरांना वेगळं सांगायला नको. १८५८ मध्ये पुण्याहून डिकसळपर्यंत लोहमार्ग आला. पुढे उजनीचं पाणी येणार म्हणून तो उचलून बाजूने टाकला. भीमेवरचा जुना पूल मागे राहिला.

छोटी रेल्वेही अशीच हलते. पुण्याच्या भाऊ जोशींचं कोथरूडमधलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुलं झालं. त्याआधी त्यांनी आपली रेल्वे प्रदर्शनांतून फिरवली होती.

फिरत्या रेल्वेचा जीव तिच्या फळ्यांत असतो. वर प्लायवूड, खाली लाकडी चौकट, दोन फळ्यांमध्ये खुंट्या आणि बोल्ट. १:८७ प्रमाणात रुळांमधलं अंतर फक्त १६.५ मिलिमीटर. जोडावर अर्धा मिलिमीटर चुकला, तर खऱ्या रुळावर चार सेंटिमीटर चुकल्यासारखं, गाडी घसरणारच. म्हणून रूळ आधी सलग टाकायचे, जोडाच्या दोन्ही कडांना पितळी स्क्रूंवर डाग देऊन पक्के करायचे आणि मगच कापायचे. आमच्या संगणकाच्या कामातही बिघाड बहुधा जोडावरच सापडतो.

जुन्या मार्गावरून प्रवास केलेली पिढी आता थकली आहे. ती सांगायला आहे तोवर, जुन्या डिकसळ मार्गाची अशी सुट्या फळ्यांची प्रतिकृती आपण शाळेसाठी करूया. पहिली फळी माझ्याकडे.