जात्यावरची ओवी आणि खाटेवरचं चित्र

आपल्या पिंप्राळ्याहून जळगाव ओलांडलं की आसोदा. तिथे १८८० साली बहिणाबाई चौधरींचा जन्म झाला. ऐन तिशीत त्या विधवा झाल्या, पदरात तीन लेकरं. अक्षरओळख नव्हती, पण जात्यावर, शेतात ओव्या जुळत गेल्या. लेक सोपानदेव यांनी त्या उतरवून ठेवल्या. पुस्तक निघालं १९५२ साली, बहिणाबाई गेल्यावर.

याला कुणी उपचार म्हटलं नाही. दळता दळता मन मोकळं होतं, एवढं मात्र प्रत्येक दळणारीला ठाऊक होतं.

‘आर्ट थेरपी’, म्हणजे कलेतून उपचार, हे नाव इंग्लंडातलं. एड्रियन हिल नावाचे चित्रकार १९३८ साली क्षयानं आजारी पडले. तेव्हा क्षयावर गुणकारी औषध नव्हतं. महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहायचं. हिल पडल्यापडल्या समोरच्या वस्तू चितारू लागले. बरं वाटलं, म्हणून इतर रोग्यांना, जखमी सैनिकांनाही शिकवू लागले. १९४२ साली त्यांनी हे नाव दिलं. १९६४ मध्ये तिथे या कामाची संघटना झाली, पुढे कायद्यानं नोंदणीही आली.

मग ओवीत आणि थेरपीत फरक काय? थेरपीत त्याचं शिक्षण घेतलेलं माणूस शेजारी बसतं. चित्र सुबक आहे का, हे ते बघत नाही. काय काढलं, हात कुठे अडला, यावर हळूहळू बोलणं होतं. दोन दिवसांचं रांगोळी शिबिर म्हणजे थेरपी नव्हे. त्या नावानं कुणी पैसे मागितले, तर आधी शिक्षण विचारा, बरं का!

गटातली एखादी गप्प गप्प असेल, तिची झोप उडाली असेल, तर तिला गाण्यांना बोलवाच. सोबत १४४१६ हा सरकारच्या ‘टेलिमानस’चा फुकट नंबरही लावून द्या. तिथे मराठीत बोलता येतं.